हळदीच्या मांडवातली क्रमवारी

२०१२च्या लग्नसराईत पनवेलजवळच्या कामोठ्यातल्या हळदींना आम्ही बेंजोवर एक चाल वाजवायचो आणि ती दोन नावांनी मागितली जायची. मांडवात मागे खुर्च्या टाकून बसलेले काका ओरडायचे, "कोंबरी वाजीव रं!" कॉलेजातल्या मुली स्टेजच्या कडेला येऊन सांगायच्या, "दादा, चिकनी चमेली घ्या ना." दोघांनाही मान डोलावून आम्ही तीच चाल उचलायचो. ढोलकीवाला उठाण द्यायचा, ऑक्टोपॅडवाला त्याच्यामागून शिरायचा आणि काका नि मुली एकाच ठेक्यावर नाचायला लागायचे. बेंजोला शब्द नसतात, त्यामुळे कुणाचं गाणं चाललंय हा प्रश्न मांडवात कधी आलाच नाही.

माझ्या डोक्यात मात्र तो तेव्हापासून आहे. गाणं वर चढतं, दुसऱ्या भाषेत जातं, दुसऱ्या गळ्यात जातं आणि या प्रवासात ज्यांनी ते आधी केलं त्यांची नावं गळून पडतात. आम्ही वाजवणारे या गळतीच्या अगदी जवळ उभे असतो. म्हणून या चालीची हकीगत मला नावांसकट लिहून ठेवायची आहे.

२००५-०६च्या सुमारास केदार शिंदे यांचा 'जत्रा' आला. संगीत अजय-अतुल यांचं, 'कोंबडी पळाली'चे शब्द जितेंद्र जोशी यांचे, गळे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे. पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. केदार शिंदे आणि अजय-अतुल यांची जोडी २००४च्या 'अगं बाई अरेच्चा'मुळे आधीच घरोघरी पोचली होती, पण 'कोंबडी' घरात थांबली नाही, ती थेट रस्त्यावर आली. गणपती विसर्जन, साखरपुडा, हळद, वरात, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथे म्हणून स्पीकर लागला तिथे ती वाजली.

आता ती किती चालली हे सांगायचं कशाच्या जोरावर? हिंदी गाण्यांना मोजमाप होतं. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज आणि एकेक 'पायदान' चढत जाणारी गाणी. ती सिलोनहून का? तर त्या वर्षी नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना आकाशवाणीवर सिनेसंगीत नको होतं. शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या या मराठी मंत्र्याच्या हट्टापायी देशातला सर्वांत लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम समुद्रापलीकडून ऐकावा लागला. दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून क्रम ठरायचा आणि वर्षअखेरीला वर्षभराची क्रमवारी लागायची. १९८९मध्ये हा कार्यक्रम विविध भारतीवर आला तेव्हा माझे वडील आणि त्यांचे मित्र आमच्या ओट्यावर बसून पैजा लावायचे. मराठी गाण्यासाठी असा जिना कुणी बांधला नाही. मुंबई केंद्रावर 'आपली आवड' होती, पण तिथे फर्माईश असायची, शर्यत नव्हती.

आमची क्रमवारी म्हणजे हळद, आणि ती फसवत नाही असं माझं मत आहे. रेडिओवर तेच ते लावता येतं, पण हळदीत माणूस उठला नाही तर नाहीच उठत. आगरी घरातली हळद लग्नाच्या आदल्या दिवशी असते. सकाळी धवलारीण येऊन धवळे गाते, देवांना आवतण देते, संध्याकाळी हळद लागते, पंगती उठतात आणि मग वाजवणाऱ्यांची पाळी. पहिलं गाणं कार्ल्याच्या एकवीरा आईचं, त्यानंतर कोळीगीतं, आणि मग जी फर्माईश येईल ती. कुठल्या गाण्याला आजीसुद्धा खुर्ची सोडते, कुठल्या गाण्याला नवरदेवाचा मामा नोट काढतो, कुठलं गाणं दहाच्या आत दुसऱ्यांदा मागितलं जातं, हे सगळं समोर दिसतं. दहानंतर लाऊडस्पीकर बंद करायचा, तेव्हा शेवटचं गाणं कोणतं हाही मोठा मान असतो. 'कोंबडी'ला तो मान कित्येक मोसम मिळाला.

कामोठ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण इथे दोन महाराष्ट्र एकमेकांशेजारी राहतात. आमचं जुनं गाव भातशेतीचं, खाडीच्या कडेचं. १९७०मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, आणि १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे शेतांच्या जागी सेक्टर आले. मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांमधल्या त्या इमारतींत साताऱ्या-सांगलीकडची पुष्कळ कुटुंबं राहायला आली. गावठाणातली हळद आणि सेक्टरमधला गणपती, दोन्हीकडे वाजवणारे आम्हीच. गावठाणात वेसावच्या पारूला मागणी, सेक्टरमध्ये हलगीच्या ठेक्याला. 'कोंबडी' ही पहिली चाल, जी दोन्हीकडे सारख्याच जोरात चालली.

त्याचं मोठं श्रेय मी आनंद शिंदे यांच्या गळ्याला देतो. हा गळा स्टुडिओत घडलेला नाही. वडील प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या सामन्यांतून, भीमगीतांतून आणि विठ्ठलाच्या गाण्यांतून महाराष्ट्रभर ऐकले गेले. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर आवाज कसा फेकावा लागतो, हे त्या घराण्याला पाठ. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ज्या गाण्यांना रेडिओवर क्वचित जागा मिळायची ती रिक्षात, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर वाजू लागली. आनंद शिंदेंचा 'नवीन पोपट' त्याच लाटेतला. मी शाळेत होतो तेव्हा पनवेलच्या बाजारात एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी तो एकच पोपट कानावर यायचा. अजय-अतुल यांनी सिनेमातल्या गाण्यासाठी तो गळा बोलावला तेव्हा कॅसेटवर वाढलेला सगळा श्रोता त्याच्याबरोबर चालत आला.

आमच्या वाद्यावर तो गळा आणणं सोपं नाही. बेंजो म्हणतो आम्ही, पण हे वाद्य अमेरिकेतल्या बँजोचं नातलग नव्हे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांच्या पेटीला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या आणि त्याला ताइशोगोतो हे नाव मिळालं. तेच भारतात बुलबुल तरंग झालं आणि पिकअप लावून स्पीकरला जोडल्यावर मुंबई-रायगडच्या गल्ल्यांत बेंजो. डावा हात कळांवर, उजव्या हातात तार छेडायचा प्लास्टिकचा तुकडा. कळ दाबली की पट्टी तारेवर बसते आणि सूर ठरून जातो, मधल्या जागा मिळत नाहीत. म्हणजे मींड नाही. आणि आनंद शिंदे तर ओळीच्या शेवटी सूर खालून उचलून वर फेकतात! मग आम्ही काय करतो, कळ दाबून ठेवतो आणि पट्टीच्या पलीकडे उरलेल्या तारेवर करंगळीचा दाब देतो. तार ताणली जाते, सूर केसभर वर सरकतो आणि तिथे तो फेकलेला आवाज सापडतो. वैशाली सामंत यांच्या ओळींना ही युक्ती लागत नाही. तिथे तुकडा हलका धरून तार भरभर छेडायची, की चालीला नखरा येतो. दोन गळे दोन हातांनी वेगळे काढायचे, असं आम्ही हे गाणं बसवलं होतं.

२०११च्या अखेरीस 'चिकनी चमेली' आलं आणि २६ जानेवारी २०१२ रोजी करण मल्होत्रा यांचा 'अग्निपथ' लागला. संगीतकार तेच, अजय-अतुल. आपलीच चाल त्यांनी हिंदीत नेली, वाद्यमेळ कितीतरी मोठा केला. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषाल यांचा, नृत्य गणेश आचार्य यांचं, पडद्यावर कतरिना कैफ. रेडिओ आणि टीव्हीवरच्या सगळ्या याद्यांत ते वरच्या जागी गेलं. सिनेमातलं गाव मांडवा, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातलं, अलिबाग तालुक्यातलं बंदर. चित्रीकरण दीवला झालं हा भाग वेगळा. मराठी सिनेमातून निघालेली चाल हिंदी पडद्यावर पुन्हा कोकणातल्याच एका गावात उतरली, याचं आम्हा पोरांना फार अप्रूप वाटलं होतं.

पण पहिल्यांदा ते पूर्ण ऐकलं तेव्हा मी पुरुषाच्या ओळीची वाट बघत राहिलो. ती आली नाही. 'कोंबडी' हे दोघांचं गाणं आहे, बोलणं आणि उलट बोलणं, चढाओढ. हिंदीत ते एकटीचं झालं. श्रेया घोषाल यांनी ते जीव ओतून गायलंय, त्यात उणं काढण्याजोगं काही नाही. तरीही समोर उत्तर देणारा गळा नसला की चालीतली ओढाताण जाते आणि नाचणारी बाई नुसती बघण्याची गोष्ट होऊन बसते. हे मी वाजवणाऱ्याच्या कानानं सांगतोय. पुढे श्रेयांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलं, की लहान मुली अर्थ न कळता हे गाणं म्हणतात, त्यावर नाचतात, तेव्हा त्यांना संकोच वाटतो. मांडवात आमच्यापुढेही सहा-सात वर्षांच्या मुली नाचायच्या. शब्दांविना वाजवत होतो याचं तेव्हा मला बरं वाटायचं. आणि करंगळीचा तो दाब मी २०१२मध्येही सोडला नाही. चमेली म्हणून मागितलं तरी आनंद शिंदेंची ओळ माझ्या तारेवर होती.

प्रादेशिक चाल हिंदीत जाऊन मोठी होण्याचा हा रस्ता जुना आहे. १९७३च्या 'बॉबी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी जे 'घे घे घे रे' केलं, त्याचं मूळ गोव्यातलं, 'हांव सायबा पलतडी वयतां' ही देखणी, म्हणजे तिथलं नाचाचं गाणं. कार्लोस युजेनिओ फेरेरा यांची ही रचना १८९५मध्ये पॅरिसला छापली गेली आणि १९२६मध्ये गोव्यात, बास्तोड्याच्या रांजेल छापखान्यातून पुन्हा निघाली. नाचणारी मुलगी नावाड्याला म्हणते, मला पलीकडे ने, दामूच्या लग्नाला जायचंय. अंगावरचे दागिने देऊ करते, तो नको म्हणतो. लग्नाला जायची घाई हाच त्या गाण्याचा गाभा. 'बॉबी'त विठ्ठलभाई पटेल यांचे शब्द आणि मन्ना डे यांचा गळा आला, ते देशभर झालं, आणि आजही ख्रिस्ती लग्नांत, आमच्या हळदींत, जहाजावरच्या बँडमध्ये ते वाजतं. मी कित्येक वादकांना विचारलंय. 'बॉबी' सगळ्यांना ठाऊक असतो, फेरेरा कुणालाच नाही.

उलटी वाटही आहे आणि ती मला जास्त प्रिय आहे. 'मी डोलकर' घ्या. शब्द शान्ता शेळके यांचे, म्हणजे घाटावरच्या, पुणे जिल्ह्यात वाढलेल्या कवयित्रीचे. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. त्यातले हेमंतदा तर बंगाली! यांतलं कुणी कोळीवाड्यात जन्मलेलं नाही. तरी ते गाणं किनाऱ्यावर आलं आणि कोळ्यांनी, आगऱ्यांनी ते आपलं करून टाकलं. शाळेत टोपल्या डोक्यावर घेऊन मुली त्यावर नाचतात. ब्रास बँडनं त्याला ट्रम्पेट दिला, आम्ही बेंजो दिला. रेकॉर्डवरची चाल संथ, लाटेवर हलणारी. मांडवात ती तशी चालत नाही, म्हणून आम्ही लय जवळजवळ दुप्पट करतो. जाणकार नाक मुरडतात. पण नाचणारी माणसं लय मागतात आणि चाल ती पेलते, मोडत नाही. चांगल्या चालीची परीक्षा मला तिथेच दिसते.

कायद्याकडेही बघायला हवं, कारण एकाचं गाणं दुसऱ्यानं गायचं यावर पोटं भरली आहेत आणि कोर्टकज्जेही झाले आहेत. कॅसेटच्या काळात जुनी गाणी नव्या गळ्यांत पुन्हा भरून विकायचा मोठा धंदा होता. कुमार सानूंनी किशोरकुमारांची गायली, सोनू निगम यांनी रफीसाहेबांची. तेव्हाच्या कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की नोटीस आणि मानधन देऊन असं पुनर्मुद्रण करता येई. २०१२च्या दुरुस्तीनं ही मुदत पाच वर्षांची केली आणि वेष्टनावरून मूळ गाणंच आहे असा भास होईल असं काही छापायला बंदी घातली. त्याच दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा कायद्यानं पक्का करून दिला. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी झगडले. ती अमलात आली २१ जून २०१२ला, 'अग्निपथ' लागून जवळजवळ पाच महिने झाले होते तेव्हा.

आमच्यासारख्यांना काय? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक विधींच्या जोडीनं लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ सवलतीत धरले आहेत. हळदीत वाजवलेल्या गाण्यासाठी परवाना लागत नाही. २०२३च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं सूचना काढून हेच पुन्हा स्पष्ट केलं. ही सवलत रास्त आहे, लग्नघराच्या दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन उभं राहू नये. पण पैसे द्यायचे नाहीत म्हणून नावही घ्यायचं नाही, असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. गेली काही वर्षं आमचा कीबोर्डवाला माइकवर गाण्याआधी संगीतकार, गीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगतो. नाचायला आतुर झालेली मंडळी थोडी कुरकुरतात, तेवढं चालतं.

'झिंगाट'च्या वेळी ही नावं सांगण्यात मौज होती, तिन्ही जागी अजय-अतुलच. २९ एप्रिल २०१६ला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गेले, मोठा सिंफनी वाद्यवृंद घेतला. 'झिंगाट'ला मात्र वरातीची धूळ होती. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरी फर्माईश जवळपास आलीच नाही. गावठाण आणि सेक्टर यांतला फरक त्या मोसमात संपलेला मी बघितला. मग 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' झाला, पंजाबी, ओडिया, बंगालीत गेला आणि २०१८च्या जुलैत हिंदीत 'धडक' म्हणून आला. 'झिंगाट'चे हिंदी शब्द पुन्हा अमिताभ भट्टाचार्य यांचे, पण या वेळी गळे बदलले नाहीत, अजय-अतुल स्वतःच गायले. हिंदीतही तोच घसा, तीच आरोळी राहिली. माझ्या दृष्टीनं सहा वर्षांपूर्वी जे निसटलं होतं ते इथे राखलं गेलं. तरी मांडवात हिंदी शब्द कधी ऐकू आले नाहीत. बेंजो वाजायला लागला की माणसं मराठीतच ओरडत.

आता क्रमवारी मोबाईलवर दिसते. पनवेल, उरण, पेण, भिवंडीकडची आगरी-कोळी पोरं घरच्या खोलीत गादी उभी करून गाणं रेकॉर्ड करतात, खाडीवर नाहीतर शेतघरावर व्हिडिओ काढतात, आणि कोटींत आकडे जातात. आठवडा उलटायच्या आत त्या गाण्याच्या दहा आवृत्त्या निघतात, बेंजोवर, ढोलकीवर, नुसत्या टाळ्यांवर. मला हे सगळं आवडतं. आमच्या आधीच्या पिढीला कॅसेट कंपनीच्या दारात उभं राहावं लागायचं, ते या पोरांना लागत नाही.

आमच्या ग्रुपमधला ऑक्टोपॅडवाला मुलगा गेल्या मोसमात हळदीचं एक गाणं करत होता. त्यानं ते ऐकवलं तेव्हा दुसऱ्या कडव्याचं वळण मला ओळखीचं वाटलं. ते आमच्या आळीतल्या धवलारीण आजीचं होतं, देवांना आवतण देताना ती जिथे आवाज खाली सोडते तिथलं. पोरानं खाली लिहिलं होतं, "संगीत: पारंपरिक." मी त्याला म्हटलं, हे वळण तू लहानपणापासून एकाच बाईच्या तोंडून ऐकलंयस, तिचं नाव घाल. तो लगेच तयार झाला आणि आम्ही दोघं विचारायला गेलो. आजीनं मोबाईलवर गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "ते माजं नाय रं. माजे सासूचं हाय. तिचं नाव लीव." सासूचं नाव तिलाही आठवावं लागलं, कारण सगळे तिला आयुष्यभर अमक्याची आई म्हणूनच हाक मारत आले होते. लेकाला हाक मारून तिनं ट्रंकेतलं जुनं रेशनकार्ड काढायला लावलं. त्यावरून पोरानं स्पेलिंगसकट नाव उतरवून घेतलं आणि यूट्यूबवर गाणं चढवलं तेव्हा पहिल्या ओळीत सासूचं, दुसऱ्या ओळीत आजीचं आणि तिसऱ्या ओळीत स्वतःचं नाव घातलं.